हराळीचा खेळ

उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडच्या कुठल्याही रानात जा. नांगरट झालेली असते, काळी ढेकळं तापत पडलेली असतात आणि कुणीतरी वाकून हराळी गवताच्या काशा, म्हणजे जमिनीखालचे फुटवे, वेचत असतं. वेचलेल्या काशा बांधावर फेकायच्या नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फेकल्या तर पहिल्या पावसात बांध धरतात आणि बांधावरून पुन्हा रानात उतरतात. त्यांचा ढीग करायचा, वाळवायचा आणि पेटवायचा.

अशा गावात माझा भाचा लग्नाला आला तो गाडीच्या डिकीत एक लांबडी पिशवी घेऊन. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या एका लहान शहरात तो नोकरीला आहे. लग्नाचा मांडव उतरल्यावर त्यानं विचारलं, “मामा, इथं जवळपास गोल्फ कुठं खेळता येईल?” आणि त्याच्याकडचं मैदान कसं असतं ते मोबाइलवर दाखवलं. मी फोटो बोटांनी मोठा केला.

“अरे, ही तर हराळी!”

“नाही मामा, बर्म्युडा ग्रास आहे ते.”

दोघांचंही बरोबर होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं, त्याची सुरुवात या गवतापासूनच करावी लागते. अनोळखी गावात गेलेला गोल्फवाला मैदान निवडताना फोटो पाहतो, नाव पाहतो, फी पाहतो. खरं म्हणजे त्यानं माती आणि गवत पाहावं. त्यावरून पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

बर्म्युडा नावाची दूर्वा

आधी खेळ दोन वाक्यांत. लहान कडक चेंडू काठीनं मारत मारत दूरच्या 108 मिलीमीटर रुंदीच्या खळग्यात घालायचा, आणि असे अठरा खळगे कमीत कमी फटक्यांत संपवायचे. जिथून पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी, मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि शेवटी खळग्याभोवती गालिच्यासारखं बारीक कापलेलं वर्तुळ म्हणजे ग्रीन.

हा गालिचा विणायला गवत कसं हवं? रोज कापलं तरी न मरणारं, तुडवलं तरी उठणारं, उन्हात तग धरणारं आणि आडवं पसरत जाऊन मोकळी जागा भरून काढणारं. म्हणजे हराळीवर शेतकऱ्याचे जेवढे आरोप आहेत तेवढे सगळे इथं गुण ठरतात. शास्त्रज्ञ जिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, ती गणपतीला वाहायची दूर्वा, आमच्या रानातली हराळी आणि अमेरिकेतलं बर्म्युडा गवत ही एकाच जातीची तीन नावं. जमिनीवरून धावणारे तिचे फुटवे पेरापेराला मूळ टाकतात आणि जमिनीखालच्या काशा वेगळ्याच. वरून कापलं तरी खालचं भांडवल शाबूत राहतं.

जॉर्जियात टिफ्टन नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या शेती संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाच्या संशोधकानं या गवतावर आयुष्य घालवलं. सुरुवात गुरांच्या चाऱ्यापासून झाली. 1943 मध्ये त्यांनी चाऱ्याचा वाण दिला. मग गोल्फवाल्यांच्या मागणीवरून आपली हराळी आणि आफ्रिकेतली तिची एक नाजूक चुलतबहीण यांचा संकर करून बारीक पानांचे वाण निघाले. त्यांच्या नावांत ‘टिफ’ असतं ते टिफ्टनवरून: टिफग्रीन, टिफवे वगैरे. या संकरित गवताला बी धरत नाही. त्यामुळं ते लावतात आपण उसाचं बेणं लावतो तसं, कांड्यांचे तुकडे पुरून. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर आज या घराण्याचंच राज्य आहे.

थोडं विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. याच बर्टननी बाजरीचा ‘टिफ्ट 23 ए’ नावाचा एक वाण तयार केला होता. त्यात नर वंध्य असतो, म्हणून संकर करणं सोपं जातं. भारतात 1965 मध्ये आलेली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, त्याच मायवाणापासून निघाली. पुढं या संकरित बाजऱ्या गोसावी रोगानं झोडपल्या, तो भाग वेगळा. पण गोल्फची हिरवळ आणि आमच्या ताटातली भाकरी एकाच छोट्या गावात येऊन भेटतात, याची मला मोठी गंमत वाटली.

कायमचा वाफसा

गवत आमच्याकडं आहे, तर मग मैदान का नाही? अडचण मातीची आहे.

काळी माती म्हणजे पाणी धरून ठेवणारी माती. पावसात फुगते, चपलेला किलो किलो चिकटते. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारीला हे मानवतं. भेगांतून पाणी खोल जातं आणि रब्बीचं पीक त्या ओलीवर उभं राहतं. पण घरंगळत्या चेंडूला दोन्ही ऋतू वैरी. पावसाळ्यात तो रुतून बसतो आणि उन्हाळ्यात भेगेत हरवतो.

गोल्फ जिथं वाढला तिथली जमीन याच्या बरोबर उलटी होती. स्कॉटलंडचा समुद्रकिनारा, वाळूच्या उंचवट्यांवर उगवलेलं आखूड गवत आणि ते कुरतडणाऱ्या मेंढ्या नि ससे. अशा जमिनीला तिकडं लिंक्स म्हणतात. पाऊस पडला की पाणी वाळूतून खाली, माणसं वर खेळायला मोकळी. ती जमीन शेतीला जवळपास निकामी होती, म्हणून कुणी अडवलंही नाही. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर आधी एका फेरीला बावीस खळगे होत. 1764 मध्ये काही जोडून टाकले आणि अठरा झाले. पुढं जगानं तोच आकडा धरला.

ज्याच्याकडं समुद्राची वाळू नाही त्यानं काय करायचं? वाळू आणून ओतायची. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं 1960 मध्ये ग्रीन बांधण्याची जी पद्धत छापली, तिच्यात सगळ्यांत खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यांच्यावर सुमारे दहा सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर सुमारे तीस सेंटिमीटर वाळूचं मिश्रण असतं. गवत या वाळूत उगवतं.

यात एक खोच आहे. वाळूतून पाणी लगेच निघून गेलं तर गवत तहानेनं मरेल. ते मरत नाही, त्याचं कारण ओल्या टॉवेलमध्ये आहे. धुतलेला टॉवेल दोरीवर टाकला की पाणी खाली उतरतं, पण सगळं गळून जात नाही. खालच्या काठाशी ओल धरून राहते आणि काठ पुरता जड झाला की मगच थेंब सुटतात. वाळूचंही तसंच. बारीक कणांमधल्या पोकळ्या पाण्याला खेचून धरतात, खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ती ताकद नसते. त्यामुळं वाळूच्या तळाशी ओलीचा एक थर लटकून राहतो, गवताच्या मुळ्या तिथून पाणी पितात आणि जास्तीचं तेवढं खाली सुटतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ग्रीन म्हणजे बाराही महिने वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं, असलेलं वावर. मुसळधार पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात तिथं खेळता येतं. आमच्या रानात तेवढ्या पावसानंतर आठवडाभर पाऊल टाकवत नाही.

गवत नसेल तर तेल

भाच्याला मी म्हटलं, “पाणीच नसेल तर?” त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, पण जुन्या लोकांकडं होतं.

हिरव्या ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ करत. वर्तुळात वाळू पसरायची, तिच्यात तेल मुरवायचं, दाबून घट्ट करायची. वारा तिला उडवत नाही आणि चेंडू तिच्यावरून बरा घरंगळतो. आपल्याआधीच्या खेळाडूच्या पावलांचे ठसे पडलेले असतात, म्हणून फटक्याआधी एका आडव्या फळीनं वाट सपाट करून घ्यायची. अंगण सारवायची आठवण यावी असा प्रकार. भारतातल्या कोरड्या मुलखातल्या छावण्यांच्या मैदानांवर असे ब्राउन होते.

हा गरिबांचा गोल्फ म्हणून कुणी नाक मुरडू नये. अमेरिकेच्या दक्षिणेतलं पाइनहर्स्ट हे नॉर्थ कॅरोलिनातलं छोटं गाव गोल्फवाल्यांची पंढरी मानलं जातं. तिथलं डोनाल्ड रॉस यांनी रचलेलं ‘नंबर दोन’ हे मैदान 1907 पासूनचं आहे, आणि त्यावरचे ग्रीन 1935 पर्यंत वाळूचेच होते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पीडी या ओपल खाणींच्या गावात तर आजही मैदानावर गवताचं पातं नाही. खेळाडू हिरवळीचा एक तुकडा सोबत घेऊन फिरतात. तो खाली ठेवायचा, त्यावर चेंडू मांडायचा, मारायचा आणि तुकडा उचलून पुढं चालायचं. दिवसाचं ऊन टाळण्यासाठी रात्री चमकणारे चेंडू घेऊनही खेळतात. मोहोळला कधी मैदान झालंच, तर ते या वाणाचं व्हावं असं माझं मत आहे.

जमीन कुणाची?

मातीनंतर मालकी. परगावचा माणूस इथंच फसतो.

भारतात गोल्फ आला इंग्रजांबरोबर आणि फार लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यांत जुना. साहेब जिथं राहिला तिथं मैदानं झाली: राजधानीची शहरं, थंड हवेची ठिकाणं आणि लष्करी छावण्या. मोहोळसारख्या कोरडवाहू तालुक्यात, जिथं साहेब आला तो रेल्वेनं पुढं जाण्यासाठीच, तिथं ते होणं नव्हतं. म्हणून नकाशावर गोल्फ शोधायचा तर आधी छावणी शोधावी. आपले कितीतरी नामवंत गोल्फर फौजी घरांतून आले ते याचमुळं. पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी वडिलांकडून खेळ शिकले, आणि वडील लष्करात डॉक्टर.

पण छावणीतलं मैदान दिसलं म्हणून बॅग घेऊन आत शिरता येत नाही. तिथं आधी परवानगी, ओळखपत्र आणि बहुतेकदा ओळखीचा अधिकारी लागतो. परदेशी पासपोर्टवाल्यानं तर तो नादच सोडावा.

दुसरा प्रकार क्लबांचा. यात सदस्य खेळतात आणि सदस्याचा पाहुणा खेळतो. मुंबईचा विलिंग्डन क्लब 1918 चा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी तो काढला आणि गोऱ्यांबरोबर हिंदी माणसांनाही सदस्यत्व दिलं, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा. पुण्यात येरवड्याला पूना गोल्फ क्लब आहे. अशा ठिकाणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कुणाच्या ओळखीनं बाहेरच्याला घेतात, हे फोन करूनच कळतं.

तिसरा प्रकार पैसे भरून कुणालाही खेळू देणारा. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोनं बांधलेलं मैदान या जातीचं. पाहुण्यानं आधी हाच प्रकार शोधावा. अपमान होत नाही.

नावावर तर मुळीच जाऊ नये. नाशिकला रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणालात, तर तो तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडेल. तिथं रणजीचे सामने झालेत, सकाळी अर्धं शहर चालायला येतं. गोल्फचं फक्त नाव उरलंय. उलट जॉर्जियातल्याच ऑगस्टा या शहरात जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध मैदान आहे. 1934 पासून तिथं मास्टर्स स्पर्धा होते. पण क्लब खासगी, सदस्यत्व आमंत्रणानं. भाचा तिथून काही तासांच्या अंतरावर राहतो आणि कुंपणापलीकडून झाडं तेवढी पाहून आलाय.

कठीण म्हणजे किती कठीण?

समजा दोन मैदानं मिळाली. आपल्या कुवतीचं कुठलं? यासाठी गोल्फमध्ये दोन आकडे असतात आणि ते बहुतेक मैदानांच्या गुणपत्रिकेवर छापलेले असतात.

पहिला कोर्स रेटिंग. अव्वल हौशी खेळाडूला या मैदानावर साधारण किती फटके लागतील, तो आकडा. समजा 71.4.

दुसरा स्लोप, आणि यातच सगळी मेख आहे. डांबरी सडकेवर मोहोळहून पंढरपूरला ट्रॅक्टर आणि सायकल दोन्ही निघाले, तर सायकल मागं पडेल, पण किती ते सांगता येतं. तेच दोघे पावसानंतर काळ्या मातीच्या गाडीवाटेनं निघाले, तर ट्रॅक्टर जरा हळू होईल आणि सायकलवाला सायकल खांद्यावर घेईल. वाट बिघडल्याचा त्रास दोघांना सारखा होत नाही. दुबळ्याला जास्त होतो. तो किती जास्त होतो, हे स्लोप सांगतो. आकडा 55 ते 155 च्या मध्ये असतो, आणि 113 म्हणजे मधली वाट.

प्रत्येक खेळाडूचाही एक आकडा असतो, हँडिकॅप. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ घेऊन तो काढतात, म्हणजे एखाद्या वाईट दिवसाची शिक्षा होत नाही. 2020 पासून जगभर यासाठी एकच पद्धत चालू झाली. भाच्याचा हँडिकॅप 18. स्लोप 130 च्या मैदानावर 18 ला 130 नं गुणायचं, 113 नं भागायचं, 20.7 येतात, म्हणजे त्याला 21 फटक्यांची सूट. स्लोप 105 असेल तर 17 च. (कोर्स रेटिंग आणि मैदानाचा पार, म्हणजे तिथले ठरलेले फटके, यांतला फरकही शेवटी मिळवतात, तो इथं सोडून देऊ.) चार फटक्यांचा हा फरक म्हणजे ते मैदान साध्या खेळाडूला किती रडवणार याचा अंदाज. सुट्टीवर आलेल्यानं 120 च्या खाली राहावं, असं मी, कधीही काठी न धरलेला माणूस, सुचवतो.

| चौकट: फोनवर विचारायचं ते |
|---|
| बाहेरच्याला खेळू देता का, आणि कोणत्या वारी? |
| खळगे नऊ की अठरा? (नऊचं मैदान दोनदा खेळून अठरा करतात, कमी पैशांत चालतं.) |
| स्लोप किती? |
| ग्रीनवर या आठवड्यात वाळू टाकली आहे का? (देखभालीसाठी भोकं पाडून वाळू भरतात. तेव्हा पूर्ण फी भरू नये.) |
| काठ्या वाहणारा कॅडी मिळेल का? भाड्यानं काठ्या? कॉलरचा शर्ट सक्तीचा आहे का? |

पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. मैदानातलं फक्त कापायचं गवत वीस हेक्टर धरलं आणि उन्हाळ्यात रोज पाच मिलीमीटर दिलं, तर रोजचे दहा लाख लिटर होतात. जलजीवन मिशनच्या दरडोई 55 लिटरच्या हिशेबानं हे अठरा हजार माणसांचं पाणी झालं. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर पावसावर जगणाऱ्या मुलखात हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो.

मात्र तेवढ्याच क्षेत्रावरचा ऊस त्याच उन्हात याहून कमी पीत नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर साखर कारखाने चालवणाऱ्या आमच्या जिल्ह्यानं गोल्फला उधळ्या म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा.

पाणी वाचवायचं तर हराळीला थोडं तहानलेलं ठेवावं लागतं. तिचं त्यानं काही बिघडत नाही. पिवळी पडते, पाणी मिळालं की उठते. बिघडतं ते माणसांच्या डोळ्यांचं, त्यांना टीव्हीवरचा हिरवा रंग हवा असतो. पाइनहर्स्टनं 2010-11 मध्ये याविरुद्ध हिंमत केली. सुमारे चाळीस एकर हिरवळ काढून तिथं वाळू आणि मूळचं रानगवत परत आणलं. पाण्याचे फवारे सुमारे साडेअकराशेंवरून साडेचारशेंवर आले. 2014 मध्ये तिथं अमेरिकन ओपन झाली तेव्हा मैदानाच्या कडा तपकिरी होत्या. प्रेक्षकांनी नावं ठेवली, खेळ मात्र उत्तम झाला, कारण कोरड्या कडक जमिनीवर चेंडू पळतो. तेव्हा मैदान निवडताना फोटोतल्या हिरवेपणाला जास्त गुण देऊ नयेत. किंचित पिवळं मैदान बहुधा जास्त चांगलं खेळतं.

कड कुठली झिजली?

शेवटी आम्ही पुण्याला गेलो. मोहोळहून दोनशेवर किलोमीटर, पहाटे निघालो. मला पायजम्यावर आत घेईनात, म्हणून भाच्याची पँट आणि कॉलरचा शर्ट चढवला. काम एकच: त्याच्यामागं चालायचं.

सातव्या की आठव्या ग्रीनवर तो वाकून बराच वेळ उतार पाहत बसला. हराळीच्या ग्रीनवर उताराखेरीज आणखी एक गोष्ट चेंडूला ओढते. ती सरळ वर वाढत नाही, कलते, आणि चेंडू तिच्या कलाबरोबर जातो. कल ओळखायच्या खुणा दोन. समोरचं गवत चकचकीत दिसलं तर ते आपल्यापासून दूर कललेलं, चेंडू जोरात जाणार. काळपट दिसलं तर आपल्या अंगावर, चेंडू अडणार. दुसरी खूण खळग्याची कड. गवत ज्या बाजूला कलतं तिकडची कड फाटकी, वाळकी दिसते, कारण तिथल्या पात्यांची मुळं भोक पाडताना तुटलेली असतात.

हे सगळं मी प्रवासात त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. पण हराळी कुणीकडं पळतेय हे पाहायची सवय मला पन्नास वर्षांची. “डावीकडं ओढेल,” मी म्हटलं. उजवीकडं उतार आहे, ओढ त्यात फिटेल, म्हणून त्यानं सरळ मारला. चेंडू खळग्याजवळ मंदावला, डावीकडं वळला आणि वीतभर अंतरावर थांबला. कॅडीनं माझ्याकडं पाहिलं, भाच्यानं पाहिलं नाही.

बाहेर पडताना फेअरवेच्या कडेनं पायवाटेवर आलेला एक लांब फुटवा दिसला. हात सवयीनं खाली गेला आणि काशीसकट उपटून आला. मग ती हराळी कुठं टाकावी ते कळेना. टाकली तिथं ती लागणार. तशीच खिशात घातली.